मिरचीच्या देठांचं दही

“विरजण मागायला कुणी आलं तर नाही म्हणू नकोस, मंजू. दिवे लागल्यावर मात्र द्यायचं नाही. आणि दिलेलं नीट लागलं नाही असं कळलं, तर त्यांनी पुन्हा मागायची वाट बघत बसू नकोस. आपण होऊन दुसरं घेऊन जायचं. कबूल?”

मी नवी नवरी. नुसती मान हलवली.

“मान नको हलवू. तोंडानं बोल.”

“कबूल,” मी म्हटलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समाधानानं हसल्या आणि रवी माझ्या हातात देऊन उठल्या. ती रवी अजून माझ्याकडे आहे. आत्याबाई गेल्या, त्यांच्यामागून माझे यजमानही गेले, पण त्या घरातलं विरजण काही मी कधी खुंटू दिलं नाही. उदगीरच्या आमच्या कॉलनीत दुधाचं यंत्र आलं, विजेच्या एसट्या आल्या, मनगटावर पट्ट्या बांधून लोक आपलं रक्त घरबसल्या तपासू लागले. आमच्या घरी मात्र आजच्या ताकातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, एवढा जुना नेम चालूच राहिला.

आणखी एक नेम होता. यजमानांच्या अस्थी घेऊन काशीला गेले, तेव्हा तिथे आवडीची वस्तू सोडायची असते म्हणून मी दही-ताक सोडलं. मला त्याहून आवडीचं दुसरं काही नव्हतंच. त्यानंतर रोज पहाटे स्नान करून पातेलं उघडायचं, वाटीभर दही बाळकृष्णापुढे ठेवायचं, उरलेलं घुसळायचं, त्यातलं विरजण बाजूला काढायचं, हे सगळं मी करायची. चाखायची तेवढी नाही. पुढे जे झालं, ते ह्या चाखण्याशी जोडलेलं आहे.

माझी मुलगी गार्गी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली ती एक पाकीट घेऊन. आत पांढरी भुकटी.

“आई, बोकडाला कधी लिंबू पिळून खाताना बघितलंयस?” तिनं विचारलं.

“नाही बाई.”

“मग त्याच्या हिरड्या का सुजत नाहीत? कारण क जीवनसत्त्व तो स्वतःच्या अंगात बनवतो. शेळी, गाय, कुत्रा, सगळे बनवतात. आजारी पडले की जास्त बनवतात. आपल्या पूर्वजांकडेही ही सोय होती. साखरेपासून क बनवायच्या काही पायऱ्या असतात. त्यातली शेवटची पायरी आपल्या वंशात केव्हातरी मोडली, ती मोडलीच. बाकी जिना अजून तसाच आहे.”

“मग?”

“मग आम्ही तो सगळा जिना दह्याच्या जिवाणूत बसवला. आता दूध विरजलं की दह्यातच क तयार. एका वाटीत एका चांगल्या आवळ्याइतकं. त्याच्यावर होत नाही, कारण त्याला आम्ही लगाम घातलाय. तेवढं झालं की जिवाणू थांबतो.”

मला ते फार आवडलं. आवळ्याच्या झाडाची आपण पूजा करतो, आणि इथे आवळाच दुधात उतरून आला होता. गार्गीनं जाताना सांगितलं, “दरवेळी नवं पाकीट हं, आई. दुकानात मिळतं. दह्यानं दही लावायचं नाही.” मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या हातानं सवयीनं आत्याबाईंच्या विरजणातच ती भुकटी मिसळली. पाकीट संपलं. विरजण कसं संपणार?

पहिल्या उन्हाळ्यात मला एक नवल दिसलं. नैवेद्याच्या दह्यात मी सफरचंदाच्या फोडी घालायची. एरवी सफरचंद चिरलं की घटकाभरात काळपट पडतं. माझ्या वाटीतल्या फोडी संध्याकाळपर्यंत जशा चिरल्या तशा पांढऱ्याशुभ्र. मी हात जोडले. भजनी मंडळात सांगितलं, तर बायका प्रसाद बघायला आल्या आणि जाताना वाटी पुढे केली, “काकू, विरजण द्या की ओ.” नाही म्हणायचं नव्हतंच.

आणि गुण तर आला. कुणाच्या हिरड्यांतलं रक्त थांबलं, कुणाची सर्दी आठवडा घ्यायची ती लवकर आवरली. समोरच्या शाहेदाभाभींची महेजबीन, कॉलेजात जाणारी पोर, जिना चढताना भिंत धरायची. तिचं हिमोग्लोबिन वाढलं. गार्गी फोनवर म्हणाली, “बरोबरच आहे. पालेभाजीतलं, डाळीतलं लोह अंगाला लागायला क लागतं.” महेजबीन जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागली. मला वाटलं, आत्याबाई बघताहेत.

सगळ्यांत जास्त ताक प्यायचे ते विश्वंभरभाऊजी. माझे धाकटे दीर. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, मागच्या गल्लीत एकटे राहणारे. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा भाऊजींनी कुणाला न विचारता आपली एक देऊन टाकली होती. त्या किडनीवर माझा संसार अकरा वर्षं चालला. त्या माणसाला मी काय द्यायचं? उन्हातून आले की तांब्याभर ताक द्यायची. ते उभ्याउभ्या प्यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, “वहिनी, अजून एक.”

यंदाच्या वैशाखात त्यांच्या पायांवर सूज आली. मग अन्नावरची वासना गेली, लघवी कमी झाली. उन्हानं असेल म्हणून मी ताक वाढवलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर बिरादारबाईंनी किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि आम्हाला समोर बसवलं. गार्गीही पुण्याहून आली होती.

“किडनीत ऑक्झलेटचे, म्हणजे मुतखड्यातल्या क्षाराचे, स्फटिक साचलेत,” डॉक्टर म्हणाल्या. “काका, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेता का? मोठ्या डोसच्या?”

“गोळी?” भाऊजी उशीवरून हसले. “मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. वहिनीच्या हातचं ताक, एवढंच माझं औषध.”

“असं कसं? शरीराला लागतं थोडंसंच. जास्त झालं की बरंचसं लघवीवाटे निघून जातं, आणि काहीचं ऑक्झलेट होतं. धडधाकट माणसाला फार तर खडा होईल. पण एकच किडनी, त्यात आपल्याकडचं ऊन, पाणी कमी... कुठून तरी रोज काही ग्रॅम क जातंय तुमच्या पोटात.”

मी गार्गीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“आई,” ती बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, “तू पाकीट शेवटचं कधी आणलंस?”

“तू आणलंस तेच, बेटा.”

घरी आल्यावर तिनं हातसुद्धा नीट पुसले नाहीत. भाताची पेज काढायला लावली, दोन पेल्यांत ओतली आणि जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एकेक थेंब टाकला. पेज शाईसारखी निळीकाळी झाली. एकीत तिनं दुकानातल्या दह्याची निवळ चमचाभर घातली. रंग हलला नाही. दुसरीत आमच्या ताकाची निवळ घालायला चमचा नेला, तर दोन थेंबांतच सगळं निळं विरून गेलं. पेला पुन्हा पांढरा.

“क असलं की आयोडीनचा रंग जातो,” ती म्हणाली. “जितकं जास्त, तितक्या कमी थेंबांत.” तिनं आणखी औषध टाकलं, पुन्हा निळं झालं, पुन्हा दोन थेंब, पुन्हा पांढरं. ती खाली बसली. “सफरचंद पांढरं राहायचं ना, त्याचंही कारण हेच. हवेनं फोड काळी पडते, क ती पडू देत नाही.”

मी देवाकडे बघितलं नाही. बघवेना.

“पण तू तर म्हणाली होतीस लगाम आहे.”

“होता. हजारोंत एखाद्या जिवाणूचा लगाम आपोआप तुटतो. पाकीट एकदाच वापरलं तर तो तिथल्या तिथे संपतो. पण तू रोज घुसळत होतीस. घुसळताना ताकात हवा शिरते, आणि ह्यांना हवा बाधते. ज्याचा लगाम तुटला, ज्यानं क जास्त बनवलं, त्याला त्याच क-नं सांभाळलं. घुसळलेल्यातलंच तू उद्याचं विरजण काढलंस. रोज रवीची परीक्षा, आणि रोज लगाम तुटलेलेच पास.” तिनं मान वर केली. “आई, हे इतकं आंबट झालं असणार. तुला जिभेला कळलं नाही?”

“मी कुठे चाखते?”

तिला काशी आठवली.

मग तिनं पुण्याला फोन लावला. मी आत गेले, तरी आवाज येत होता. फोन ठेवून ती दारात उभी राहिली.

“सर म्हणतात एकच रुग्ण आहे, तपासण्या होईपर्यंत थांबू. आणि पाकिटावर लिहिलेलं आहे, म्हणजे नियमानं चूक वापरणाऱ्याची.”

“माझी.”

“नियमानं.”

“असेल,” मी म्हटलं. “पण गार्गी, आपल्याकडे दह्यानंच दही लावतात, हे तुमच्या तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं का? सर परगावचे असतील. तू तर ह्याच ओट्यापाशी वाढलीस.”

मी आवाज चढवला नव्हता. तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मला वाटलं, लिहिलं की लोक पाळतात,” ती म्हणाली. नाक पुसलं, लॅपटॉप उघडला. “मी थांबणार नाही. आज सगळं वर, सरकारी खात्याला कळवते. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.”

तिनं कळवलं. चौथ्या दिवशी पाकिटांची विक्री थांबली, ज्यांनी विकत घेतली त्यांच्या फोनवर सूचना गेल्या. पण आमच्या कॉलनीत पाकीट होतं कुणाकडे? सगळ्यांचं विरजण वाटीतून गेलेलं. वाटीला सूचना कशी जाणार? आणि ह्या भागात बोअरचं पाणी असं, की मुतखडा माहीत नाही असं घर सापडणार नाही. शाहेदाभाभींच्या नवऱ्याचा, करीमभाईंचा तर मागच्या वर्षीच खडा काढला होता.

आमचं विरजण मी उकळलं. गार्गीनं प्रयोगशाळेसाठी एका नळीत थोडं घेतलं आणि म्हणाली, जिवंत विरजण मोरीत ओतायचं नाही. गॅसवर ठेवून मी ढवळत राहिले. आत्याबाईंच्या हातचं, त्याआधी त्यांच्या सासूबाईंच्या हातचं. दाणे धरले, पाणी सुटलं, उकळी आली. दुसऱ्या दिवशी बाळकृष्णापुढे दूधसाखर ठेवली आणि सांगितलं, आज दही नाही.

मग समोरच्या घरी गेले.

“भाभी, मी दिलेलं विरजण टाकून द्या. पातेलं उकळून घ्या.”

“या, बसा आधी. काय झालं?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि माझ्या मोकळ्या हातांकडे बघून म्हणाल्या, “बाजी, मोठ्या बहिणीसारख्या तुम्ही, नाराज होऊ नका. माझी पोर ह्या दह्यानं उभी राहिली. डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यानं पोट बिघडायचं. हे लागलं तिला. तुमच्या घरचं म्हणून घेतलं, आता तुम्हीच फेका म्हणताव. फेकून काय खाऊ घालू?”

“करीमभाईंना तरी देऊ नका.”

“ते ताकाशिवाय जेवतेत का?” त्या हसल्या. मग हसू मावळलं. “विश्वंभरभाई कसे आहेत?”

“डायलिसिस चालू आहे.”

“अल्लाह मेहेर करो. पण त्यांना तर आधीच एकच होती ना?”

मी परत आले. आणखी दोन घरांत हेच झालं. एकीनं टाकते म्हणून सांगितलं आणि माझ्यासमोरच विरजलेल्या पातेल्यावर झाकण सरकवलं.

दवाखान्यात भाऊजी खुर्चीवर आडवे होते, हातातून नळ्या यंत्रात गेलेल्या. मला बघून सवयीनं म्हणाले, “वहिनी, ताक आणलंव का?”

“नाही, भाऊजी.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं, खाली मान घालून.

“म्हणजे एक किडनी दादाला दिली,” ते म्हणाले, “आणि दुसरी तुमच्या ताकाला.”

मला हुंदका आवरला नाही. बाजूच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघायला लागला.

“ओ वहिनी! चेष्टा केली ओ. रडायलाव काय असं, लोक म्हणतील दीर मेला.” त्यांनी मोकळा हात हलवला. “डॉक्टरीणबाई म्हणतेत, पिणं बंद झालंय, स्फटिक हळूहळू सुटतील. सुटतील नाही तर नाही. गाडी बंद पडली म्हणून कंडक्टरला कुणी मारतं का?” मग म्हणाले, “आंबट होतं खरं. लई आंबट. दात शिवशिवायचे.”

“मग बोललात का नाही?”

“तुम्ही दही सोडलेलं, दादासाठी. तुमच्या हातच्या दह्याला नावं ठेवू का मी?”

माझ्या व्रतानं माझी जीभ बांधली होती, आणि माझ्यावरच्या मायेनं त्यांची.

“बाकीच्यांचं काय?” त्यांनी विचारलं.

“कुणी टाकत नाही. म्हणतात, मग खाऊ काय घालू.”

“बरोबरच आहे. जुना पार्ट काढून घ्यायचा तर नवा हातात पाहिजे. मोकळ्या हातानं कोण गाडी खोलू देईल?”

बसमध्ये खिडकीशी बसले होते तेव्हा आत्याबाईंचा आवाज पुन्हा ऐकू आला. मला आजवर त्यातलं पहिलं वाक्यच आठवायचं, नाही म्हणू नकोस. शेवटचं वाक्य, आपण होऊन दुसरं घेऊन जायचं, हे मी कधी वापरलंच नव्हतं, कारण माझं विरजण कधी बिघडलंच नव्हतं.

पण दुसरं आणायचं कुठून? दुकानातलं दही नको वाटलं. तेव्हा आत्याबाईंनीच एकदा दाखवलेलं आठवलं. दुष्काळात त्यांच्या माहेरी गाई विकल्या, विरजण खुंटलं. पुढे दूध आलं तेव्हा त्यांच्या आईनं कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून दही लावलं होतं. देठांवर मुळातच दह्याचे जिवाणू असतात, हे मला गार्गीनं आता सांगितलं. मी नवं मडकं आणलं, मिरच्यांचे देठ धुऊन कोमट दुधात घातले. पहिल्या दिवशी नुसती तार आली. त्यातलं घेऊन पुन्हा लावलं, सैलसर झालं. मग एका सकाळी झाकण काढलं, तर मडकं कलतं केलं तरी दही हललं नाही.

वाटीभर बाळकृष्णाला दाखवलं. सफरचंदाच्या फोडी घातल्या. थोड्या वेळानं त्या काळपट पडल्या. मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा हात जोडले.

पेजेत थेंब टाकून पाहिलं, निळं निळंच राहिलं. तेवढं पुरेसं होतं, गार्गी म्हणाली असती. पण मी वाटी हातात घेऊन देवापुढे बसले. काशीत सोडलेली वस्तू परत घेत नाहीत. घेतली तर ज्याच्यासाठी सोडली त्याला पोचत नाही, म्हणतात. मी यजमानांच्या फोटोकडे बघितलं. अकरा वर्षं भावाच्या किडनीवर जगलेला माणूस. त्याला काय पोचलं असतं, माझं न चाखणं की भाऊजींचं बरं होणं? मी मनातच म्हटलं, दह्याचं व्रत आता पुरं झालं. आजपासून दुसरं. दुसऱ्याला द्यायचं ते आधी आपण चाखायचं.

बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. गोडसर, किंचित आंबट. डोळ्यांत पाणी आलं, ते चवीनं की कशानं, माहीत नाही.

तेवढ्यात गार्गीचा फोन आला. डॉक्टर बिरादारबाईंनी भाऊजींचं डायलिसिस आठवड्यातून एकदावर आणलं होतं. पुढचं सांगता येत नाही म्हणाल्या, पण किडनी थोडी काम करायला लागली आहे.

“आणि आई, महेजबीनला सांग, दही साधंच खा, जेवताना वरणावर लिंबू पिळ. तेवढ्यानं लोह लागतं. जास्त लागतच नाही माणसाला.”

“तुझं काय झालं तिकडे?”

“चौकशी चालू आहे. बसून आहे सध्या. मी ठीक आहे गं. तू काय करायलीस?”

“निघालेय,” मी म्हटलं.

परसातल्या झाडाची लिंबं तोडली, पिशवीत घातली. आयोडीनची बाटली घेतली, किटलीत पेज घेतली, दोन काचेचे पेले फडक्यात गुंडाळले. ज्याला बघायचं असेल त्यानं आपल्या डोळ्यांनी आपलं पातेलं बघावं. कुणाकुणाला दिलं होतं ते काही मी लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे प्रत्येक दारी जावं लागणार. भाऊजींच्या गल्लीपासून मंडळाच्या शेवटच्या बाईपर्यंत, आणि त्यांनी पुढे ज्यांना दिलं त्यांच्यापर्यंत.

मडक्यावर ओलं फडकं बांधलं, कडेवर घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. समोरच्या दाराची कडी वाजवण्याआधी मी एकदा आभाळाकडे बघितलं. दिवे लागायला अजून वेळ होता.